टेप बसते, पण चालते का? एलटीओ कार्ट्रिज निवडतानाचा अनुभव

एलटीओ म्हणजे बॅकअपचा डेटा साठवायच्या चुंबकीय टेपचं एक प्रमाण. त्याच्या पहिल्या पिढीपासून नवव्या पिढीपर्यंत कार्ट्रिजचा बाहेरचा आकार बदललेला नाही: १०२ × १०५.४ × २१.५ मिलिमीटर. त्यामुळे २००५ सालची एलटीओ-३ आजच्या ड्राइव्हच्या तोंडात सहज सरकते, आत ओढली जाते आणि थोड्या वेळाने मुकाट बाहेर येते. ड्राइव्हने तिची चिप वाचून ती नाकारलेली असते. आयबीएमच्या ड्राइव्हवर अशा वेळी एका अक्षराच्या खिडकीत ‘जे’ दिसतो, म्हणजे न चालणारं माध्यम. टेपला काही इजा होत नाही. पण खरेदीच्या यादीत नुसतं ‘एलटीओ टेप, नग २०’ असं लिहिलं असेल, तर काय येईल याचा नेम नाही.

आमच्याकडचं काम चित्रीकरणाच्या फुटेजचं. शेल्फवर एलटीओ-५ आणि एलटीओ-६ च्या कार्ट्रिज, त्या वाचणारा एकच एलटीओ-६ ड्राइव्ह, आणि तो वरचेवर सफाई मागू लागलेला. नवा ड्राइव्ह घ्यायचा, जुना डेटा त्यावर न्यायचा आणि पुढच्या बॅकअपसाठी नव्या कार्ट्रिज ठरवायच्या, असं हे काम होतं. त्यात काय काय तपासलं आणि कुठे गाडी अडते, ते इथे सांगतो.

पहिला प्रश्न कार्ट्रिजचा नसतोच, ड्राइव्हचा असतो. सातव्या पिढीपर्यंत नियम सोपा होता: ड्राइव्ह स्वतःच्या पिढीची आणि एक मागची टेप लिहितो, दोन मागच्या पिढ्या वाचतो. म्हणजे एलटीओ-६ चा ड्राइव्ह ४, ५, ६ वाचतो. एलटीओ-७ चा ड्राइव्ह ५, ६, ७ वाचतो. २०१७ मध्ये एलटीओ-८ आला तेव्हा हा नियम मोडला. वाचणाऱ्या हेडचं तंत्र जीएमआरवरून टीएमआरवर (टेपवरचं चुंबकत्व ओळखायच्या या दोन पद्धती) गेलं आणि एलटीओ-८ फक्त ७ आणि ८ वर थांबला. २०२१ चा एलटीओ-९ फक्त ८ आणि ९ घेतो. २०२५ चा एलटीओ-१० तर मागचं काहीच घेत नाही, स्वतःची टेप तेवढी चालवतो. अजूनही बरेच विक्रेते ‘दोन पिढ्या मागचं वाचतो’ हेच वाक्य तोंडपाठ म्हणतात, म्हणून हे ठासून लिहितोय.

यातून निघणारी गोष्ट अशी: शेल्फवर ५ आणि ६ असतील तर ८ किंवा ९ चा एकटा ड्राइव्ह घेऊन काही उपयोग नाही. एक तर जुना एलटीओ-६ शाबूत ठेवायचा, त्यावर वाचायचं आणि नव्यावर लिहायचं. नाही तर मध्ये एलटीओ-७ चा ड्राइव्ह पूल म्हणून वापरायचा. तो ५ आणि ६ दोन्ही वाचतो आणि त्याने लिहिलेली ७ ची टेप एलटीओ-८ ला कळते. पण तीच ७ ची टेप एलटीओ-९ ला कळत नाही, तेव्हा हा पूलही एकाच बाजूला उतरतो. आम्ही जुना ड्राइव्ह वाचनापुरता ठेवला आणि लिहिण्यासाठी एलटीओ-९ घेतला. ज्या ग्राहकांकडे एलटीओ-८ आहे त्यांच्यासाठी त्याच ड्राइव्हवर ८ ची कार्ट्रिज लिहिता येते. त्यामुळे कपाटात दोन्ही पिढ्यांच्या कोऱ्या टेप ठेवाव्या लागतात आणि लेबलाची शिस्त आणखी महत्त्वाची होते.

एम८ नावाची एक भानगड इथेच सांगून टाकतो. एलटीओ-८ च्या सुरुवातीच्या काळात अशी सोय होती की एलटीओ-७ ची कोरी, कधीही न वापरलेली कार्ट्रिज एलटीओ-८ च्या लायब्ररीत (टेप आपोआप बदलणाऱ्या यंत्रात) ‘एम८’ लेबल लावून तयार करायची. मग ६ ऐवजी ९ टेराबाइट मिळत. फुजीफिल्म आणि सोनी यांच्या पेटंटच्या वादामुळे २०१९ च्या सुमाराला एलटीओ-८ च्या टेप मिळेनाशा झाल्या होत्या, तेव्हा ही सोय अनेकांनी वापरली. आता तिची किंमत कळते. एम८ टेप एलटीओ-७ चा ड्राइव्ह वाचत नाही, एलटीओ-९ चाही वाचत नाही. तिला फक्त एलटीओ-८ चाच ड्राइव्ह लागतो आणि ती परत साधी एल७ करता येत नाही. कुणी जुन्या टेपचा साठा तुमच्या हवाली करत असेल तर आधी एम८ च्या पट्ट्या शोधा. त्या वेगळ्या काढून ठेवा आणि हिशेबात वेगळ्या धरा.

बारकोडची पट्टी बहुतेकांना किरकोळ वाटते. आठ अक्षरांपैकी पहिली सहा तुमची, शेवटची दोन पिढी सांगणारी: एल५, एल६, एल८, एल९. एकदाच लिहिता येणाऱ्या वॉर्म कार्ट्रिजसाठी वेगळी जोडी असते: एलटीओ-८ ला एलवाय, एलटीओ-९ ला एलझेड. सफाईच्या कार्ट्रिजला सीयू. लायब्ररी आधी या पट्टीवर विश्वास ठेवते, टेपवर नंतर. एल७ च्या कार्ट्रिजला घाईत एल८ ची पट्टी चिकटली तर लायब्ररी तिला १२ टेराबाइटची धरून कामं लावते आणि ड्राइव्हमध्ये गेल्यावर सगळं अडकतं. पट्टी कार्ट्रिजच्या पुढच्या खाचेतच लावायची. वर किंवा बाजूला कागदी स्टिकर लावून प्रकल्पाचं नाव लिहायची सवय असेल तर ती मोडा. एसीच्या खोलीत गोंद सुकतो, स्टिकरचं टोक उचकटतं आणि ते ड्राइव्हच्या आत अडकतं. असा अडकलेला ड्राइव्ह उघडून घेणं नव्या कार्ट्रिजच्या पेटीपेक्षा महाग पडतं.

खरेदीत आणखी तीन ठिकाणी घोळ होतो. एक, वॉर्म. तिच्या कवचाचा रंग दुरंगी असतो, पण पेटीवरच्या फोटोत ते कळत नाही आणि ऑनलाइन यादीत ती कधीकधी साध्या टेपच्या शेजारी किंचित स्वस्त दिसते. रोजच्या फिरत्या बॅकअपला ती निरुपयोगी आहे, कारण एकदा भरली की संपली. दोन, क्षमता. एलटीओ-८ च्या पेटीवर ठळक अक्षरांत ३० टेराबाइट छापलेले असतात. ते अडीच पट दाबलेल्या डेटाचे. व्हिडिओ, फोटो, झिप हे आधीच दाबलेले असल्याने आपल्याला मिळतात १२. आणि हे १२ दशमान पद्धतीचे; संगणक दाखवतो त्या हिशेबाने साधारण १०.९. एलटीओ-९ चे १८ म्हणजे तसेच सुमारे १६.४. डिस्कवरचे आकडे बघून ‘हे एका टेपवर मावेल’ असं ठरवणारा इथे हमखास फसतो. तीन, लायब्ररी पॅक. वीस नगांचा हा खोका थोडा स्वस्त असतो, पण त्यात प्रत्येक कार्ट्रिजची स्वतंत्र प्लास्टिकची डबी नसते. टेप यंत्राबाहेर जाणारच नसेल तर ठीक. दुसऱ्या इमारतीत किंवा गावाला न्यायची असेल तर डबीवाली घ्या.

ब्रँडबद्दल फार डोकं शिणवू नका. एलटीओ हे खुलं प्रमाण आहे. कोणत्याही ब्रँडची त्या पिढीची कार्ट्रिज कोणत्याही ब्रँडच्या ड्राइव्हमध्ये चालते. शिवाय आज बाजारात दिसणाऱ्या सगळ्या नावांमागे टेप बनवणारे कारखाने दोनच कंपन्यांचे आहेत, फुजीफिल्म आणि सोनी. मूळ उत्पादक कोण हे चिपमध्ये नोंदलेलं असतं, वरच्या छापाशी त्याचा संबंध असेलच असं नाही. आम्ही एकाच खेपेच्या टेपवर दोन्ही प्रती करत नाही, एवढी एक खबरदारी घेतो: पहिली प्रत एका खेपेवर, दुसरी दुसऱ्या.

वापरलेल्या, ‘रिसर्टिफाइड’ म्हणून विकल्या जाणाऱ्या टेपबद्दल मात्र मत स्पष्ट आहे. घेऊ नका. कारखान्यात टेपवर सर्व्होचे पट्टे (हेडाला ट्रॅकची जागा दाखवणाऱ्या खुणा) लिहिले जातात आणि तिची चाचणी होते; ती प्रक्रिया बाहेर कुणी करू शकत नाही. ‘रिसर्टिफाय’ म्हणजे बहुतेक वेळा पुसलेली, पुसून चकचकीत केलेली आणि नवी पट्टी लावलेली टेप. वरून ती नवीच दिसते. झीज डोळ्यांना दिसत नाही, चिपमध्ये दिसते.

झीज मोजायची कशात?

लोक विचारतात, ‘ही टेप किती वर्षं टिकेल?’ पत्रकात ३० वर्षांपर्यंतचा आकडा असतो, पण तो कपाटात नीट ठेवलेल्या टेपचा. चालणाऱ्या टेपचं आयुष्य वर्षांत मोजून भागत नाही, ते पासांत मोजायला हवं. पास म्हणजे टेप एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकदा जाणं. एलटीओ टेप सापासारखी वेटोळी लिहिली जाते: हेड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत थोडे ट्रॅक लिहितं, मग किंचित सरकून उलट्या दिशेने येतं. एलटीओ-५ वर १,२८० ट्रॅक आणि १६ चॅनेल (एका वेळी लिहिले जाणारे ट्रॅक), म्हणजे टेप पूर्ण भरायला ८० पास. एलटीओ-६ ला २,१७६ ट्रॅक, १३६ पास. एलटीओ-७ ला चॅनेल ३२ झाले, म्हणून पास ११२ वर उतरले. एलटीओ-८ ला ६,६५६ ट्रॅक, २०८ पास. एलटीओ-९ ला ८,९६० ट्रॅक, २८० पास. तिच्या टेपची लांबी १,०३५ मीटर. एक एलटीओ-९ कार्ट्रिज एकदा भरली की हेडाखालून सुमारे २९० किलोमीटर टेप गेलेली असते, जवळजवळ मुंबई-पुणे जाऊन-येऊन.

अलीकडच्या पिढ्यांच्या पत्रकांत टोकापासून टोकापर्यंतचे पास २०,००० च्या आसपास दिलेले असतात. त्याला २८० ने भागलं तर साधारण ७१ वेळा टेप पूर्ण भरता येते. पण कुणी लिहिल्यावर पडताळणी केल्याशिवाय राहत नाही, आणि राहू नये. पडताळणी म्हणजे पुन्हा २८० पास. म्हणजे आकडा पस्तीसवर आला. दर आठवड्याला तीच टेप पूर्ण भरून पडताळायची असेल तर ती वर्षभरही पुरत नाही! तीच गणितं एलटीओ-८ ला ९६ आणि ४८ अशी येतात. क्षमता वाढली तसं एकेका टेपचं ‘किती वेळा’ कमी झालं आहे, हे खरेदीच्या वेळी कुणी सांगत नाही. टेराबाइटमागे भाव काढताना टेप किती वेळा फिरणार हे सोबत लिहिलं नाही, तर तो भाव अर्धाच. फिरत्या बॅकअपला चार टेपच्या जागी आठ घेतल्या तर प्रत्येकीची झीज निम्मी होते. हा खर्च वाया जात नाही, पुढे ढकलला जातो.

झीज वाढवणारी दुसरी गोष्ट म्हणजे अपुरा पुरवठा. ड्राइव्हला डेटा सलग हवा असतो. वेग कमी झाला तर तो टेपचा वेगही कमी करतो, पण त्याला तळ आहे. एलटीओ-८ मध्ये तो साधारण सेकंदाला ११० मेगाबाइटच्या आसपास. त्याखाली डेटा आला की टेप थांबते, मागे जाते, पुन्हा वेग घेते आणि जिथे सोडलं तिथून लिहिते. प्रत्येक वेळी त्याच तुकड्यावरून हेड तीनदा जातं. ड्राइव्हजवळ उभं राहिलं तर हे कानाला कळतं: सलग घुंई ऐकू येण्याऐवजी दर काही सेकंदांनी सुर-थांब-सुर असा आवाज येतो. कारण बहुतेक वेळा लाखो बारक्या फायली, एकटी हार्ड डिस्क किंवा नेटवर्कवरची गिगाबिट तार. गिगाबिट तारेतून जेमतेम ११० मेगाबाइट येतात, म्हणजे नेमके काठावर. एलटीओ-९ च्या अर्ध्या उंचीच्या ड्राइव्हला ३०० हवेत, पूर्ण उंचीच्याला ४००. आम्ही आधी सगळं एसएसडीवर उतरवतो, बारक्या फायलींचा एक मोठा टार (सगळ्या एकत्र बांधलेली एक फाइल) करतो आणि मग टेपवर सोडतो. तसंच ड्राइव्ह रेड कार्डाला (अनेक डिस्कचा एक गट करणाऱ्या कार्डाला) जोडू नये. त्याला साधं सॅस एचबीए, म्हणजे उपकरण थेट संगणकाला जोडणारं कार्ड, द्यावं. बहुतेक रेड कार्डं टेपला मान्यता देत नाहीत, आणि जी चालतात त्यांवर मध्येच ड्राइव्ह गायब होण्याचे प्रकार होतात.

चिप काय सांगते

प्रत्येक एलटीओ कार्ट्रिजच्या आत एका कोपऱ्यात बिनतारी चिप असते. एलटीओ-८ मध्ये १६ किलोबाइटची, एलटीओ-९ मध्ये ३२. ड्राइव्ह ती दर लोडला वाचतो आणि लिहितो. लिनक्सवर एसजी३-युटिल्स नावाच्या संचात ही चिप वाचणारी एक आज्ञा आहे आणि ड्राइव्हची लॉग पानं वाचणारी दुसरी. विंडोजवर ड्राइव्ह उत्पादकांची निदानाची साधनं हेच दाखवतात. आम्ही पाच गोष्टी बघतो: किती वेळा लोड झाली (गुणधर्म ०००३), आयुष्यात एकूण किती लिहिलं (०२२०), किती वाचलं (०२२१), उत्पादनाची तारीख (०४०६), आणि शेवटच्या चार ड्राइव्हचे अनुक्रमांक. ‘सीलबंद नवी’ म्हणून आलेल्या टेपमध्ये लोडचा आकडा आत्ताच्या या लोडपेक्षा जास्त असेल किंवा ओळखीचा नसलेला ड्राइव्ह दिसत असेल तर ती परत पाठवायची. एवढी एक तपासणी पहिल्या लोडलाच होते आणि तिला वेगळा फार वेळ लागत नाही.

त्याहून उपयोगी आहे लॉग पान १७, म्हणजे त्या टेपची आकडेवारी. त्यात टेपच्या सुरुवातीच्या भागावरून किती पास झाले आणि मधल्या भागावरून किती, हे वेगळं मिळतं. याचं गणित मजेदार आहे. समजा एलटीओ-८ वर आजवर १८० टेराबाइट लिहिले गेलेत. १२ ने भागलं तर १५ वेळा भरली. १५ गुणिले २०८ म्हणजे ३,१२०. पडताळणी धरून मधले पास सहा-साडेसहा हजार असायला हवेत. तिथे १२ हजार दिसले तर टेप पुढे-मागे घासली गेली आहे, पुरवठ्यात खोट आहे. आणि मधले पास बेताचे पण सुरुवातीचे मात्र भरमसाट असतील, तर बहुधा एलटीएफएसचा (टेपवर डिस्कसारख्या फायली ठेवू देणाऱ्या मांडणीचा) वापर चुकतोय. एलटीएफएस टेपचे दोन भाग करतो आणि यादी सुरुवातीच्या भागात ठेवतो. टेप हार्ड डिस्कसारखी जोडून ठेवून दिवसभर एकेक फाइल टाकत राहिलं की यादी पुन्हा पुन्हा लिहिली जाते आणि पहिले काही मीटर झिजतात. बाकीची टेप नवीच राहते, पण सुरुवात गेली की ती असून उपयोग नाही. एलटीएफएसवर फायली साठवून एका दमात लिहा आणि टेप काढून घ्या.

आणखी एक लक्षण चिपशिवायही कळतं. ड्राइव्ह लिहितानाच मागच्या हेडने ते वाचून बघतो. नीट उमटलं नसेल तर तोच डेटा पुढे पुन्हा लिहितो. आपल्याला काही त्रुटी दिसत नाही, फक्त जागा खर्च होते. म्हणून न दबणारा डेटा भरताना १२ टेराबाइटची टेप (दशमान हिशेबानेच) ११ च्या आसपासच भरली असं दिसलं, तर ती टेप किंवा ते हेड दमलेलं आहे. दुसरी टेप त्याच ड्राइव्हवर लावून बघायची: तीही कमी भरली तर दोष हेडाचा, पूर्ण भरली तर टेपचा.

टेपअलर्टच्या, म्हणजे ड्राइव्ह स्वतः देतो त्या धोक्याच्या सूचना बॅकअपच्या नोंदीत आकड्यांनी येतात, त्यातले मोजके लक्षात ठेवावेत. ७ म्हणजे टेपचं आयुष्य संपलं, १९ म्हणजे संपत आलं. १५ म्हणजे कार्ट्रिजची चिप बिघडली. डेटा लगेच दुसरीकडे काढा आणि त्यावर पुन्हा लिहू नका. १८ म्हणजे टेपवरची अंतर्गत सूची बिघडली. डेटा बहुधा शाबूत असतो, पण शोध फार सावकाश होतो आणि सगळी टेप एकदा वाचून काढल्यावर सूची पुन्हा तयार होते. २० म्हणजे आत्ता सफाई करा, २१ म्हणजे सवडीने करा, २२ म्हणजे सफाईचीच कार्ट्रिज संपली. सफाईची कार्ट्रिज साधारण ५० वेळा चालते. ती हेडावरून घासूनच जाते, त्यामुळे ‘दर सोमवारी एकदा’ असा नेम लावणं हेडाला मारक. ड्राइव्हने मागितलं तरच. पण एका सफाईनंतर काही तासांतच तो परत मागत असेल तर सफाई वाढवू नका. शेवटी लावलेली टेप संशयित धरा. कण सोडणारी एक टेप हेड मळवते आणि हेड पुढच्या चांगल्या टेपला लावते.

जुन्या टेप वाचताना

वर सांगितलेल्या कारणामुळे जुन्या टेपचा क्रम ठरवून घेतला: आधी धडधाकट, शेवटी संशयित. आणि संशयित कधीही नव्या ड्राइव्हमध्ये नाही. प्रत्येकीची तपासणी तीच. लिहिणं अडवणारी सरकती खिट्टी कुलपाच्या बाजूला सरकवा, सगळ्यात आधी. मग कार्ट्रिज कानाजवळ हलकेच हलवा. आत काही खुळखुळत असेल तर घालू नका. बाजूचं छोटं दार बोटाने सरकवून लीडर पिन (टेपच्या टोकाची, ड्राइव्ह पकडतो ती) बघा: ती सरळ उभी, दोन्ही टोकांनी आपल्या खोबणीत बसलेली हवी. एलटीओमध्ये दुसरं रीळ कार्ट्रिजमध्ये नसतं, ड्राइव्हमध्ये असतं. पिन वाकडी असेल तर टेप ड्राइव्हच्या पोटातच सुटते. पडलेल्या कार्ट्रिजला बाहेरून तडा दिसत नाही आणि पिन मात्र हललेली असते. फटीतून पांढुरकी बुरशी किंवा कुबट वास आला तर थांबा, ती टेप डेटा काढून देणाऱ्या तज्ज्ञांचं काम आहे.

वर्षानुवर्षं एका जागी राहिलेल्या टेपला वाचण्याआधी एकदा टोकापर्यंत नेऊन परत गुंडाळून घेतलं तर वेढ्यांचा ताण सारखा होतो. मग वाचन. पूर्ण भरलेली एलटीओ-५ सेकंदाला १४० मेगाबाइटने साधारण तीन तास घेते, एलटीओ-६ सेकंदाला १६० ने सव्वाचार-साडेचार तास. एका एलटीओ-९ वर बारा एलटीओ-५ किंवा सात एलटीओ-६ बसतात, आणि ती ३०० च्या वेगाने भरायला पावणेसतरा तास, पडताळणीला तेवढेच.

इथे एक गोष्ट फार जणांना चकवते. टेप चांगली असते, पण टारची आज्ञा पहिल्याच ब्लॉकला (एका वेळी लिहिलेल्या डेटाच्या तुकड्याला) ‘मेमरी मिळाली नाही’ असा निरोप देते आणि माणूस टेप खराब समजून बाजूला ठेवतो. खरं कारण असं की लिहिताना ब्लॉक मोठा ठेवला होता आणि वाचणाऱ्याने छोटा मागितला. टारचा मूळ ब्लॉक १०,२४० बाइटचा. लिहिणाऱ्याने २५६ किंवा ५१२ किलोबाइट ठेवलेला असू शकतो. ड्राइव्ह बदलत्या ब्लॉकच्या स्थितीत ठेवून (ब्लॉक आकार शून्य) टारला १०२४ चा ब्लॉकिंग फॅक्टर दिला की ५१२ किलोबाइटपर्यंतचे ब्लॉक वाचले जातात. तसंच बॅकअपच्या सॉफ्टवेअरचं. टेप एलटीओ-५ ची असली तरी तिच्यावरची मांडणी त्या सॉफ्टवेअरची असते. ते, त्याची आवृत्ती आणि त्याची सूची नसेल तर ड्राइव्ह जुळून काही साधत नाही. आणि ड्राइव्हमध्येच एन्क्रिप्शन (एलटीओ-४ पासून आहे) चालू असेल तर किल्लीही हवी. नव्या टेपवर आम्ही म्हणूनच टार किंवा एलटीएफएस एवढंच वापरतो, आणि प्रत्येक फाइलचा चेकसम (ती जशीच्या तशी आहे का हे ताडून बघायचा आकडा) टेपबाहेर, साध्या मजकुराच्या फाइलमध्ये ठेवतो.

एलटीओ-९ चं पहिलं लोड आणि पावसाळा

एलटीओ-९ ची नवी कार्ट्रिज पहिल्यांदा घातली की ड्राइव्ह तिचं मापन करतो. सरासरी ४० मिनिटं, जास्तीत जास्त दोन तास. या वेळात ड्राइव्ह अडकलाय असं समजून वीज बंद करणारे बरेच. ही टेप ५.२ मायक्रॉन जाड आहे आणि तिच्यावर ८,९६० ट्रॅक आहेत. हवेतल्या ओलाव्याने तिची रुंदी अगदी किंचित बदलली तरी ट्रॅक हलतात, म्हणून त्या जागेच्या हवेत ती एकदा मोजून घेतली जाते. यावरून दोन गोष्टी ठरतात. नव्या टेप कुरियरच्या खोक्यातून काढून लगेच घालायच्या नाहीत. यंत्राच्या खोलीत दिवसभर पडू द्यायच्या. आणि त्यांचं पहिलं लोड त्याच खोलीत करायचं जिथे त्या पुढे वापरल्या जाणार. रात्रीच्या बॅकअपच्या वेळी लायब्ररीत कोऱ्या टेप टाकल्या तर बॅकअपची वेळ मापनातच जाते. आधी दुपारी मापन उरकून घ्यावं.

दीर्घकाळ ठेवायच्या टेपसाठी १६ ते २५ अंश आणि २० ते ५० टक्के आर्द्रता सांगितली जाते. मुंबईत, कोकणात, गोव्यात जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरची हवा ८० टक्क्यांच्या वर असते. दिवसा एसी आणि रात्री बंद, हा सगळ्यात वाईट प्रकार. गार झालेल्या कार्ट्रिजवर दमट हवा येऊन बसते. चोवीस तास एसी परवडत नसेल तर छोटी बंद खोली आणि ओलावा शोषणारं यंत्र, सोबत आकडा नोंदवणारा आर्द्रतामापक. टेप उभ्या ठेवायच्या, आडव्या थप्प्या नकोत. आग-प्रतिबंधक तिजोरी घेत असाल तर तिची प्रत बघा: कागदांसाठीच्या तिजोरीत आतलं तापमान १७७ अंशांपर्यंत जाऊ दिलेलं असतं, कागद त्यात वाचतो, टेप नाही. टेपला ५२ अंशांच्या मर्यादेची, डेटासाठीची वेगळी तिजोरी लागते आणि ती बरीच महाग असते. त्या पैशात दुसऱ्या गावात दुसरी प्रत ठेवणं आम्हाला जास्त पटतं.

झिजलेल्या टेपचं काय? फिरत्या बॅकअपमधून निवृत्त झालेली टेप ‘आता कायमच्या साठ्याला वापरू’ म्हणून कपाटात जाताना दिसते. कायमच्या साठ्याला नेमकी नवी टेप हवी. दमलेल्या टेपवर शेवटचा डेटा लिहिणं म्हणजे काटकसर चुकीच्या जागी. निवृत्तीची रेषा आम्ही पत्रकातल्या पासांच्या निम्म्यावर ओढली आहे, आणि टेपअलर्ट ७ किंवा १९ आला तर त्याआधीच. टाकून देण्याआधी चुंबकाने पुसायची असेल तर ती पुन्हा वापरता येणार नाही हे माहीत असू द्या: सर्व्होचे पट्टेही पुसले जातात आणि ते परत लिहिणारं यंत्र कारखान्याबाहेर नाही. जुना एलटीओ-६ ड्राइव्ह आणि त्याला चालणारी एक सफाईची कार्ट्रिज मात्र आम्ही ठेवली आहे. शेवटची जुनी टेप वाचून, चेकसम जुळवून, दोन्ही प्रती दोन जागी जाईपर्यंत तो विकायचा नाही.